चष्मेवाल्याचं शेवटचं पान

अन्याय झाला तो उदगीरच्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरांवर. कधी झाला, तेही नेमकं सांगते: गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेअकरा वाजता, लातूरच्या एका सभागृहात, भरल्या खुर्च्यांसमोर. कोणी केला? मी केला. माझ्या हातानं त्यांच्या हातातला माइक काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातानं पत्रक लिहिलं.

मी पत्रकं लिहिते. कुठं शाळेला कुलूप लागलं, एसटीची फेरी तोडली, हापशाला गढूळ पाणी आलं, की आमची संघटना मला सांगते आणि मी एका बैठकीत दोन पानं लिहून देते. प्रत्येक पत्रकात गुन्हेगार दुसरा कोणी तरी असतो, म्हणून हात झरझर चालतो. या पत्रकाला दीड वर्ष लागलं.

आणि हे नुसतं रडगाणं नाही. मास्तर परत येणार नाहीत. पण त्यांची एक धून अर्धी हरवली आहे, आणि ती सापडू शकते. कदाचित तुमच्याच घरात असेल. शेवटी तुमच्याकडं एक मागणी आहे, तिथपर्यंत वाचल्याशिवाय हा कागद घडी घालून खिशात टाकू नका.

मास्तरांचं नाव लिहीत नाही. मागच्या पत्रकात मी ते ठळक टाइपात छापलं होतं, दोनदा. तेवढं पुरे झालं.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या ताईच्या लग्नात. आम्ही उमरीचे, वडील शाळेत शिक्षक, पाव्हणे देवणीचे, आणि लग्न उदगीरच्या एका मंगल कार्यालयात. सकाळपासून बँड चालू होता आणि कुठल्याही बँडइतकाच बेसूर होता. लाल कोट, सोनेरी झालर, घामानं चिकटलेल्या टोप्या. मधोमध ठेंगणेसे मास्तर क्लॅरिनेट वाजवत होते. जाड भिंगाचा चष्मा, त्याच्या दोन्ही काड्यांना बुटाची नाडी बांधून ती डोक्यामागं गाठ मारलेली. आम्ही मुली त्यावरून हसलो होतो.

पाठवणीची वेळ झाली. मास्तरांनी टोपी काढली, ढोलवाल्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "जा, भजे खाऊन ये."

ढोल गेला. ताशा गेला. उरले तीन-चार पितळी वाद्यवाले आणि ते. मग क्लॅरिनेटवर ती धून सुरू झाली. मला सुरातलं काही कळत नाही, त्यामुळं वर्णन करत नाही. एवढंच सांगते, की पोरांनी रडलेलं ज्यांना चालत नाही असे माझे वडील कार्यालयाच्या पायरीवर बसून, दोन्ही चपला हातात घेऊन, हुंदके देत होते. चपला हातात कशाला घेतल्या होत्या, हे त्यांना आजही सांगता येत नाही. मास्तर ताईच्या तोंडाकडं बघतच नव्हते. ते तिच्या पायांकडं बघून वाजवत होते. ती थांबली की तेही सुरावर थांबत, ती मागं वळली की धूनही वळून मागं येई. गाडीचं दार लागलं आणि धून संपली. तेवढीच. नेमकी.

वरपक्षाकडचा एक जण ओरडला, "मास्तर, वन्स मोर!"

मास्तरांनी तोंडातून क्लॅरिनेट काढलं. "लेक एकदाच जाती," म्हणाले, आणि ढोलवाल्याला हाक मारायला गेले.

पुढं काही वर्षांनी आमच्या संघटनेनं ठरवलं, की डीजेच्या भिंतींखाली दबलेल्या आपल्या भागातल्या कलांची यादी करायची आणि त्या कलावंतांचा लातूरला गौरव करायचा. मला ताईची पाठवणी आठवली. मी झोळी घेऊन उदगीर, देवणी, निलंगा फिरले. घरोघरी विचारलं: पाठवणीला बँडवर ती एक संथ धून वाजते, ती कधीपासूनची? देवणीत ऐंशी उलटलेल्या एका आजीनं सांगितलं, "माज्या लग्नातबी हीच वाजली की. रडून रडून कुंकू गालावर आलतं." दुसरी म्हणाली, तिच्या आईच्या वेळेलाही होती. मी भराभर लिहून घेतलं. त्या आजीच्या लग्नाच्या वेळी मास्तर रांगत असतील, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. पत्रक लिहिणाऱ्याला पुरावा हवा असतो. तो मिळाला की तो थांबतो.

मग मास्तरांकडं गेले. एकदा नाही, सात वेळा. त्यांची पुढची खोली म्हणजे बँडचं गोदाम होतं. दोरीवर कोट, कोपऱ्यात ढोल, भिंतीला लागून एक बाकडं. तालमीला ते भिंतीकडं तोंड करून बसायचे आणि बाकीचे त्यांच्या पाठीशी. का, विचारलं तर म्हणाले, "तोंड बगितलं की माणूस खोटं वाजवतो." क्लॅरिनेटला लावायची वेताची पत्ती ओली राहावी म्हणून ती सदानकदा त्यांच्या ओठात असे. बोलायचं तर पत्ती काढावी लागे, त्यामुळं उत्तर उशिरा यायचं. प्रश्न आवडला नाही तर पत्ती निघतच नसे. मी तासभर बोलून उठायचे आणि ते नुसते मान हलवत असायचे.

ते रात्री चष्मा लावूनच झोपायचे. त्यासाठीच ती नाडी. त्यांची मुलगी, जिला सगळे अक्का म्हणतात, ती वैतागायची. "आप्पा, सपनं बगायला चष्मा लागतो का?"

"त्योबी घालूनच झोपायचा," मास्तर म्हणायचे.

तो म्हणजे चष्मेवाला. हा माणूस त्यांच्या बोलण्यात घरातल्यासारखा यायचा. दोनशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात होऊन गेलेला एक संगीतकार. त्याचं नाव मास्तर घेत नसत. "माज्या तोंडात नीट बसत न्हाई. वाईट घेन्यापेक्षा न घेतल्यालं बरं." मला ते नाव आता माहीत आहे, पण त्यांच्या घरात जे चालायचं तेच इथं चालवते.

"चष्मा घालून कामून झोपायचा, ठाव हाय? उठल्या उठल्या लिवायला बसायचं. चष्मा हुडकायला टाइम कशाला घालवायचा? लई घाईत हुता बिचारा. एकतीस वर्सं जगला, बाई. एकतीस. माजी अक्का त्याच्यापेक्षा मोठी झाली आता."

"बरं," मी म्हणायचे आणि घड्याळ बघायचे.

"शाळामास्तराचा पोरगा. सोताबी बापाच्या शाळेत शिकवायला हुता. पोरांनी जीव नको केला. सोडली शाळा. घरात पियानो न्हाई, ज्याच्या घरी असंल त्याच्या घरी जाऊन वाजवायचा. आपल्या बँडवाल्यावानीच की. आन् गानी किती? साशे! साशे गानी!" इथं ते पत्ती उंच धरून हवेत हलवायचे. "आन् सगळ्यात मोठं जे लिवलं, धा-पंधरा न्हाई, समदा जथ्था बसवून वाजवायचं, ते त्यानं कानानं नीट ऐकलंच न्हाई. मेला. धा वर्सं ते कागद भावाच्या घरात पडून. मंग दुसरा एक गानं लिवनारा आला. म्हनला, दाखव काय हाय ते. आन् भावानं पेटी उगडली."

पेटी उघडण्याचा हा भाग त्यांनी मला किमान चारदा सांगितला. दर वेळी शेवटी तेच म्हणायचे: "भाऊ चांगला. रद्दीत घातलं न्हाई त्यानं."

मी म्हणायचे, "मास्तर, ते राहू द्या. पाठवणीची धून तुमच्याकडं कुठून आली ते सांगा."

"त्येच तर सांगून राहिलो."

आणि मग चहा यायचा, किंवा कोणी सुपारी घेऊन यायचं, म्हणजे लग्नाचं बुकिंग, आणि बोलणं मोडायचं. सतराव्या वर्षी ते हैदराबादला गेले होते, तिथं बँडच्या दुकानात एका म्हाताऱ्या उस्तादानं त्यांना कागदावरचे सूर वाचायला शिकवलं, एवढं मी टिपलं. "गुरुपरंपरा: हैदराबाद." पुढचं ऐकलं नाही. ते माझ्या पत्रकात बसत नव्हतं.

एकदा मी म्हटलं, वाजवून दाखवा, मोबाइलवर रेकॉर्ड करते. पत्ती निघाली. "रिकाम्या घरात ती वाजत न्हाई, बाई. कुनी तरी जात असावं लागतं." पण लातूरच्या कार्यक्रमात वाजवा म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा बराच वेळ पत्ती चघळून ते म्हणाले, "तुमच्यासाठी एकडाव."

गौरवासाठीच्या अर्जावर त्यांची सही घेतली. "वाचून दाखवता का?" त्यांनी विचारलं.

"नेहमीचंच आहे मास्तर. तुमच्या कौतुकाचंच लिहिलंय."

त्यांनी सही केली. अर्जात मी लिहिलं होतं: पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मातीत वाजत आलेली, कोणाचीही नसलेली, सगळ्यांची धून.

आता तो रविवार. मास्तर स्वच्छ धुतलेल्या लाल कोटात आले होते. क्लॅरिनेट जोडून मांडीवर होतं. मी माइकवरून जोरात भाषण केलं. आपल्या मातीची धून, परक्यांच्या गोंगाटात हरवलेली, वगैरे. टाळ्या पडल्या. मास्तरांना पुढं बोलावलं. वाजवण्याआधी त्यांनी पत्ती ओठातून काढली आणि माइक हातात घेतला. मला वाटलं, आभार मानतील.

"माफी करा," ते म्हणाले. "बाईंकडून चुकून लिवल्या गेलं. ही धून आपल्यातली न्हाई. ही चष्मेवाल्याची हाय. व्हिएन्ना गावचा. त्याच्या नावानं टाळ्या वाजवा, मी निस्ता वाजवनारा हाय."

हशा झाला. मागून कोणी तरी विचारलं, "काका, व्हिएन्ना निलंग्याच्या अलीकडं का पलीकडं?"

मास्तरांनी तो प्रश्न खरा धरला. "पलीकडं," ते म्हणाले. "लई पलीकडं."

आता सभागृह हशानं फुटलं. अध्यक्ष माझ्याकडं बघत होते. मी दोन महिने वाटलेली पत्रकं माझ्याच पायाशी पडल्यासारखं मला वाटलं. मास्तर हात वर करून लोकांना थांबवत होते. "आइका तर. आन् त्येचं शेवटचं पान..." एवढं ते बोलले, आणि मी जाऊन माइक त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मास्तर, खाली बसा."

साडेअकरा वाजले होते. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून सांगता येतं.

ते बसले. खुर्चीवर नाही, बँडवाले बसतात तसे स्टेजच्या कडेला, पाय खाली सोडून. क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून सोडवले, फडक्यात गुंडाळले, पेटीत ठेवले. कार्यक्रम पुढं चालला. धून वाजलीच नाही.

माझी फसवणूक झाली, असं मी ठरवून टाकलं. सोमवारी पत्रक लिहिलं. मथळा: "उसनी धून, खोटा वारसा". त्यात एक वाक्य होतं: "आमच्या लेकींच्या आसवांवर इंग्रजांची चोरलेली धून विकली." ते लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश झाले होते, हेही कबूल करते. वाक्याला वजन होतं. लोकांनी ते मोबाइलवर एकमेकांना पाठवलं, उदगीरपर्यंत गेलं, देवणीपर्यंत गेलं.

गुरुवारी मास्तर एसटीनं लातूरला आमच्या कार्यालयात आले. मी भांडणाची तयारी केली. त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं आणि टेबलावर पसरलं. एका ठिकाणी लाल पेनानं दुरुस्ती केलेली. मी बघितलं. "चोरलेली" या शब्दाला हात लावलेला नव्हता. "इंग्रजांची" हा शब्द खोडला होता.

"तो इंग्रज नव्हता, बाई," मास्तर म्हणाले. "लिवताना नीट लिवत जावा. त्याला वाईट वाटंल."

"तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. सात डाव चा झाला आपला. तुमी लिवून घेत व्हता तवा मी ह्येच सांगत हुतो."

ते हसले. मी नाही हसले. त्यांनी पाणी मागितलं नाही, मी विचारलं नाही. परतीची गाडी सव्वाचारला आहे म्हणून ते उठून गेले. दुरुस्तीचं पत्रक मी काढलं नाही. एका शब्दासाठी कोण काढतं?

त्या लग्नसराईत लोक मास्तरांना आधीच बजावू लागले, "मास्तर, पाठवणीला त्ये इंग्रजी नगं बरं का. आपलं काय तरी लावा." मास्तर मान हलवायचे. पत्ती निघत नसे. पाठवणीला सिनेमातलं गाणं ढोलासकट वाजायचं. ढोलवाला मला नंतर म्हणाला, "त्या सीझनला ताई, मला एकडावबी भजे खायला मिळाले न्हाईत."

मास्तर गेले ते पुढच्या उन्हाळ्यात, लग्नं ऐन भरात असताना. सकाळी अक्कानं हाक मारली तर उठले नाहीत. डोळ्यांवर चष्मा होता. बँडची त्या दिवशी देवणीची सुपारी होती, आणि मास्तरांचाच नियम होता, की घेतलेली सुपारी मोडायची नाही, घरात माणूस मेलं तरी. त्यांचे सगळे वाजवणारे लाल कोट घालून देवणीला गेले. मास्तर वाजंत्रीशिवाय गेले.

मी तिसऱ्या दिवशी पोचले. अक्का शिलाई मशीनवर बसली होती, समोर कोणाच्या तरी लग्नाची साडी, फॉल लावायला आलेली. मी म्हटलं, "अक्का, मास्तरांच्या सुरांच्या वह्या बघायच्या होत्या."

"कामून? आनखी एक पत्रक काडायचं हाय?"



तिनं सुईत दोरा ओवला. "न्हाईत वह्या. आप्पांनी बंबात घातल्या."

"कधी?"

"लातूरला तुमाला त्यो कागद द्यायला आले ना, त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हनले, अक्का, चोरीचा माल घरात ठिवू न्हाई. चार दिस आमच्या आंगुळीचं पानी त्याच्यावर तापलं. मीबी त्याच पान्यानं न्हाले. मला काय ठाव? मला वाटलं, रद्दी हाय." मग मशीन सुरू करता करता म्हणाली, "तुमच्यापुढं हसले आसतील. हसायचेच ते."

चष्मेवाल्याला भाऊ होता. मास्तरांना मी होते.

तरीही मला एक गोष्ट करता येण्यासारखी होती: धून कोणाची हे नीट शोधून, खऱ्या नावानिशी खुलासा छापायचा. ताईच्या लग्नाची सीडी घेतली आणि नांदेडला पियानो शिकवणाऱ्या एका वयस्कर बाईंकडं गेले. त्यांनी पाठवणी लावायला सांगितली. पहिल्या काही सुरांतच त्या हसल्या. "हो, हे त्याचंच. पियानोचं आहे. बँडवर कोणी बसवलं? छान बसवलंय."

मी नाव लिहून घेतलं. काम झालं, असं वाटलं. तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब. मागं घे."

मी मागं घेतलं. त्यांनी परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग उठून पियानोशी बसल्या आणि मूळ रचना वाजवली. "हे बघ, तो इथून वर निघून जातो. हा माणूस खाली येतो. एकाच सुरावर येतो, निघतो, परत येतो. दारातून जाताना एखादी चार वेळा मागं बघते तसं. हे त्याचं नाही."

"मग कोणाचं आहे?"

"मला काय विचारतेस? माणूस तुझ्या ओळखीचा होता." त्या पुढं झुकल्या. "पुढचं लाव."

पुढचं नव्हतं. तिथून पुढं ताईच्या पाठवणीवर व्हिडिओवाल्यानं सिनेमातलं रडकं गाणं चढवलं आहे. सगळे व्हिडिओवाले चढवतात. पडद्यावर मास्तरांचे गाल फुगतात, बोटं हलतात, आणि आवाज दुसऱ्याचाच. मास्तरांच्या भागातले जेमतेम वीस सेकंद त्यात उरले आहेत.

नांदेडहून परतताना बसमध्ये मी माझी जुनी वही उघडली, उदगीरच्या सात चहांची. पाचव्या भेटीच्या पानावर माझ्याच अक्षरात, मास्तर बोलत होते तसंच, अर्धवट लक्षानं उतरवलेलं सापडलं:

"उस्तादांनी कागद दिले त्यात शेवटचं पान नव्हतं. ते म्हनले, मलाबी तसंच मिळालं. मंग आमी निम्म्यात बंद करायचो. पोरगी पायरीवर आन् आमी गप. मला बरं वाटंना. मंग दर लग्नाला थोडं थोडं हुडकलं. पोरींचे पाय बगून बगून कळलं, चष्मेवाल्यानं काय लिवलं आसंल ते. बारा वर्सं लागली. आता पुरं हाय."

आणि समासात, माझ्याच हातानं, एक शब्द: विषयांतर.

मुद्दा नीट समजून घ्या. मास्तरांनी चोरी केली नाही. उलट, जे स्वतःचं होतं तेही ते दुसऱ्याच्या नावावर देत होते. अर्धी धून त्यांची स्वतःची होती आणि त्यांना ते ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण हरवलेलं पान शोधलं. ते पान त्यांनी लिहिलं होतं. एका माणसाच्या अपुऱ्या कागदाला दुसऱ्या माणसानं, लई पलीकडच्या गावात, दीडशे वर्षांनी, आपल्या पोरींच्या पायांवरून शेवट दिला. लातूरच्या स्टेजवर ते शेवटच्या पानाचंच सांगायला निघाले होते. ते वाक्य मी तोडलं.

गेल्या महिन्यात उदगीरला जाऊन मी बँडवाल्यांना म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं साथीला होता, दुसरा भाग वाजवून दाखवा. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. ट्रम्पेटवाला म्हणाला, "ताई, त्या टायमाला आमाला एकच सूर धरायचा हुकूम. वरचं समदं मास्तर एकटेच." तरी त्यांनी वाद्यं उचलली आणि तो एक सूर धरला. श्वास संपेपर्यंत धरला. त्याच्यावर काहीच नव्हतं. अक्का आतून आली, दारात उभी राहिली, आणि सूर थांबल्यावर परत आत गेली.

मी मोबाइलवरचे तुकडेही गोळा केले. त्यांत पहिला भाग आहे. दुसरा भाग सुरू होईपर्यंत मोबाइल धरणाराही रडायला लागलेला असतो आणि हात खाली येतो, चित्र जमिनीचं, आवाज हुंदक्यांचा.

म्हणून मागणी. तुमच्या घरात उदगीर, देवणी, निलंगा किंवा आसपासच्या लग्नाची कॅसेट, टेप, सीडी असेल. तुमच्या बहिणीची, आईची, तुमची स्वतःची. ती लावा आणि पाठवणी आली की पुढं ढकलू नका, जशी आपण सगळेच ढकलतो. ढोल गप्प झाला आहे का बघा. उघड्या डोक्याचा, नाडीनं चष्मा बांधलेला ठेंगणा माणूस नवरीच्या पायांकडं बघत वाजवतो आहे का बघा. आणि त्याच्यावर गाणं चढवलेलं नसेल, तर ती उदगीरला अक्काच्या दारात घेऊन या. बँडमास्तरांचं घर विचारलं तर कोणीही दाखवेल. तुम्ही लग्नाचं शूटिंग करत असाल, तर माळ्यावर पडलेल्या, गाणी न चढवलेल्या कच्च्या टेपा पुसण्याआधी ऐका. धून पुरी मिळाली की मास्तरांचं नाव मी तिसऱ्यांदा छापीन, रचनाकार म्हणून, आणि आधी अक्काला वाचून दाखवीन.

निवेदन देऊ नका, सही करू नका, हा कागद पुढं पाठवून मोकळे होऊ नका. तेवढं मीच आजवर पुष्कळ केलं आहे.

उठा आणि कपाट उघडा.